ईर्ष्या कुणाच्या मालकीची?

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



धाराशिवात फुटबॉलविषयी व्याख्यान ठेवणे म्हणजे दुष्काळी गावात नौकानयनावर बोलण्यासारखे आहे, असे काहींना वाटेल. या जिल्ह्याचा खरा खेळ खो-खो. २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि पुढे २०२० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे ही याच जिल्ह्याची. जत्रांतून कुस्त्यांचे फड आहेत आणि क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. फुटबॉल मात्र शालेय क्रीडास्पर्धांच्या वेळापत्रकापुरता. असे असूनही आजचा विषय आहे एकाच शहरातल्या दोन फुटबॉल संघांमधली चुरस. कारण या चुरशीत अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो राजकारणाचाही प्रश्न आहे. पुष्कळ माणसांनी मिळून, वर्षानुवर्षे, कुठलाही मोबदला न घेता जी संपत्ती निर्माण केलेली असते, ती शेवटी कुणाच्या ताब्यात जाते?

अशी चुरस महाराष्ट्रात पाहायची असेल तर कोल्हापूरला जावे लागते. फुटबॉल मुंबईतही भरपूर खेळला गेला. पण मुंबईचा फुटबॉल मोठ्या प्रमाणावर कंपन्यांचा, गिरण्यांचा आणि सरकारी उपक्रमांचा राहिला. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र ही त्या मैदानांवरची नावे. त्यांत उत्तम खेळाडू होते, नोकरीची हमी होती, आणि मजुराच्या मुलाला पायांतल्या कौशल्यावर पगाराची जागा मिळत होती, हे काही थोडे नव्हे. परंतु संघ मालकाचा होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले, आणि २०१० साली कंपनीने संघ बंद केला. देशातला अव्वल संघ बंद व्हायला एक व्यवस्थापकीय निर्णय पुरला.

कोल्हापुरात असा निर्णय घेऊ शकेल असा मालकच सापडत नाही. तिथल्या संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. यांपैकी एकही नाव कारखान्याचे नाही, की कुणा हयात पुढाऱ्याचे नाही. बहुतेक नावे तालमींची, मंडळांची आणि वस्त्यांची आहेत.

तालीम या शब्दाचा अर्थ धाराशिवकरांना सांगण्याची गरज नाही. पण कोल्हापुरात त्या शब्दाने फार मोठा पसारा पोटात घेतलेला आहे. मुळात तो लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि मारुतीची तसबीर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय प्रसिद्धच आहे. खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले ते त्याच आश्रयातून. या आश्रयामुळे पेठापेठांतल्या तालमींना बळ आले. पुढे कुस्तीचा जोर ओसरला, पण तालीम उरली. तिच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचले जाई, भांडणे मिटवली जात, गणपती बसे, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसत. संस्थानी काळात शहरात रुजलेल्या फुटबॉलला असे तयार घर मिळाले. ज्या पेठेने एकेकाळी आपला मल्ल खासबागेत उतरवला, तीच पेठ आता आपले अकरा गडी राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरवू लागली. खेळ बदलला तरी उतरवणारे तेच राहिले, ही या इतिहासातली कळीची बाब आहे. इंग्लंडातही कित्येक क्लब चर्चमधून आणि कारखान्यांतून निघाले. परंतु कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलचा संघ निघावा हे कोल्हापुरी वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, लोकांच्या तोंडी ‘केएसए’, ही तिथली नियामक संस्था. छत्रपती घराण्याचे तिला आजही पाठबळ आहे. वरिष्ठ गटाच्या साखळीत सोळा संघ आणि साखळीबरोबर चषकांच्या स्पर्धा असा हंगाम हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्यातही मंगळवार पेठेतले पाटाकडील आणि त्यांचे पारंपरिक प्रतिस्पर्धी दिलबहार यांची गाठ पडली, की सामना दोन संघांचा उरत नाही. शहरात आधी चार दिवस त्याची चर्चा आणि नंतर आठवडाभर त्याची उजळणी. मैदानावर बसलेल्यांत मिस्त्री असतो, भाजीवाला असतो, वकील असतो, आणि तिघेही एकाच पंचाला एकाच भाषेत दूषणे देत असतात. ही भाषा छापण्याजोगी नसते, हे कबूल करायला हवे.

या निष्ठेचे एक लक्षण नीट ध्यानात घ्यावे. ती पत्त्यावरून ठरते. मूल ज्या पेठेत जन्मले, त्या पेठेची तालीम त्याची. त्याची जात कोणती आणि बाप काय करतो, याच्या आधी पत्ता विचारला जातो. अर्थात पेठांच्या वस्तीतच जातीची आणि आर्थिक स्थितीची छाप असते, तेव्हा पत्ता हा काही सर्वस्वी निरपेक्ष निकष नव्हे. तरीही एका तालमीच्या छताखाली हिंदू आणि मुसलमान घरांतली मुले एकाच संघासाठी घसा फोडतात, ही गोष्ट आजच्या दिवसांत लहान मानता येणार नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात सेल्टिक आणि रेंजर्स यांचे वैर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या फाळणीवर पोसले गेले. धर्माने आखलेली रेषाच मैदानावर उतरली. कोल्हापूरच्या चुरशीची रेषा धर्माला आडवी छेदून जाते. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त होऊन याच शहरात दंगल झाली, तेव्हा दगड उचलणाऱ्यांची ओळख पत्त्यावरून ठरलेली नव्हती. पेठेची ओळख क्षीण होते तेव्हा तिची जागा कोणती ओळख घेते, हा प्रश्न त्या दिवसाने विचारला आहे.

उलट एक उदाहरणही त्याच शहराचे. रस्ते बांधणाऱ्या कंपनीने शहराच्या वेशीवर टोल बसवला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली जे दीर्घ आंदोलन झाले, त्यात तालीम मंडळे एका मोर्चात चालली. मैदानावर एकमेकांचे तोंड न पाहणारी पोरे रस्त्यावर खांद्याला खांदा लावून होती. २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या; तो विजय पाहायला ते नव्हते. शहराला संघटित होण्याची सवय आधीपासून असावी लागते, ती आंदोलनाच्या हाकेसरशी तयार होत नाही. ही सवय तालमींनी शहराला लावली होती.

कोल्हापूरकर या सगळ्या प्रकाराला एक शब्द वापरतात : ईर्ष्या. ग्रंथांतल्या मराठीत या शब्दाला मत्सराचा वास आहे. कोल्हापुरात मात्र ‘ईर्षेने खेळला’ ही शाबासकी असते. वैरात समोरचा नाहीसा व्हावा अशी इच्छा असते. ईर्षेत तो पुढच्या वर्षीही समोर उभा राहिलेला हवा असतो. बोलीभाषेने केलेला हा भेद अर्थशास्त्रज्ञांना फार उशिरा सुचला.

१९६४ साली वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने व्यावसायिक खेळांच्या विचित्र अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. बाजारातल्या दुकानदाराला समोरचे दुकान बंद पडलेले हवे असते, हे आपण सारे जाणतो. मक्तेदारी हे प्रत्येक भांडवलदाराचे गोड स्वप्न. नीलने दाखवले की खेळात हे स्वप्न खरे झाले तर धंदाच बुडतो. त्याने उदाहरण घेतले जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग या मुष्टियोद्ध्यांचे. १९३६ साली श्मेलिंगने लुईला हरवले, आणि १९३८ साली लुईने पहिल्याच फेरीत त्याचा बदला घेतला. श्मेलिंग नसता, किंवा दुबळा असता, तर लुईची ती लढत पाहायला कोण आले असते? लुईची कमाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामर्थ्यावर अवलंबून होती. खेळात विकला जाणारा माल एकट्याला बनवताच येत नाही. दोघांनी मिळून, एकमेकांविरुद्ध उभे राहून, तो बनवावा लागतो.

नीलचा सिद्धांत इथवर ठीक आहे. पण त्याच्या हिशेबात एक भागीदार सुटलेला दिसतो. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना बावीस खेळाडू दीड तासात तयार करत नाहीत. आजोबांनी नातवाला सांगितलेला जुना गोल, हरलेल्या रात्री घरात न पेटलेली चूल, पेठेतल्या पोरांनी दारोदार हिंडून गोळा केलेली वर्गणी, हे सारे त्या सामन्याचे भांडवल आहे. दोन पिढ्यांच्या स्मरणातून ते साठत गेले. या भांडवलाची कुठल्याही ताळेबंदात नोंद नाही. आणि ज्याची नोंद नसते ते उचलून नेणे सोपे असते. गावच्या गायरानाचे जे झाले तेच याचेही होऊ शकते.

ते कसे होते याचा धडा कलकत्त्याने घालून दिला आहे. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याच्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या अकरा जणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि त्या विजयाला स्वातंत्र्यलढ्यात मानाचे पान मिळाले. १९२० साली एका पूर्वबंगाली खेळाडूला वगळल्याच्या अपमानातून ईस्ट बंगाल क्लब निघाला. १९४७ ला फाळणी झाली, लक्षावधी निर्वासित कलकत्त्याच्या कडेच्या वसाहतींत येऊन पडले. घर गेले, जमीन गेली, आणि नव्या शहरात ‘बांगाल’ म्हणून हिणवले जाणे वाट्याला आले. अशा माणसाला ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या रंगात हरवलेल्या मुलखाचे नाव सापडले. १९७५ साली शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानवर पाच गोल चढवले, त्याचा हिशेब अजूनही बंगाली घरांत चुकता झालेला नाही. ईस्ट बंगाल जिंकला तर हिलसा मासळी आणि मोहन बागान जिंकला तर कोळंबी अशी घरोघरची रीत. मासळीबाजारात सामन्याचा निकाल कळावा, इतकी ती पक्की. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाच्या तीन गोलांनी ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला.

सव्वा लाख माणसे एका जागी जमतात, हे बाजाराच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, मद्याच्या एका मोठ्या उद्योगसमूहाने दोन्ही क्लबांच्या फुटबॉल कंपन्यांत निम्मा निम्मा हिस्सा घेतला. मोहन बागानपुढे एका मद्याचे नाव लागले आणि ईस्ट बंगालपुढे दुसऱ्या. गॅलरीत दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या नावाने खडे फोडणाऱ्या लाखभर माणसांची ईर्ष्या एकाच मालकाच्या तिजोरीत दोन झडपांनी पडू लागली. ग्लासगोतही हेच घडले होते. अर्ध्या शहराचा रोष ओढवू नये म्हणून कित्येक वर्षे एकच पुरस्कर्ता सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांच्या सदऱ्यांवर झळकत असे. भांडवलाला पक्ष नसतो असे म्हणतात, पण इथे त्याला दोन्ही पक्ष हवे होते.

योगायोग असा की त्याच १९९८ साली जर्मनीत क्लबांना कंपनी स्थापण्याची मुभा देण्यात आली. मात्र मतांचे निम्म्याहून एक जास्त प्रमाण सभासदांच्या हाती राहिले पाहिजे, अशी अट तिथल्या संघटनेने घातली. औषधे आणि मोटारी बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या जुन्या संघांना अपवाद मिळाले, पळवाटाही निघाल्या. पण नियम टिकला. एक मत जास्त की निम्मा हिस्सा कमी, एवढ्याशा फरकाने पुढच्या पाव शतकाचा इतिहास वेगळा झाला. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतला ८० टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि १८८९ च्या क्लबाच्या नावाआधी त्या समूहाच्या जुन्या संघाची तीन अक्षरे लागली. ती काढून टाकण्यासाठी समर्थकांना तीन वर्षे झगडावे लागले. २०२३ ला ती गेली. त्यांच्या जागी ‘सुपर जायंट’ हे दुसरे शेपूट आले, ते सोडा. ईस्ट बंगालच्या समर्थकांवर जुलै २०२१ मध्ये आपल्याच क्लबच्या तंबूबाहेर पोलिसांच्या लाठ्या बसल्या. वाद होता गुंतवणूकदाराशी करायच्या कराराचा, आणि सभासदांचे हक्क त्या करारात गहाण पडू नयेत एवढेच काहींचे म्हणणे होते. आणि जुलै २०२५ मध्ये, फेडरेशन आणि व्यावसायिक हक्क बाळगणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला असता नवा न झाल्याने, देशातली सर्वोच्च लीगच स्थगित ठेवली गेली. शतकाहून जुने क्लब आपण केव्हा खेळणार हे विचारत एका कंपनीच्या दाराशी उभे होते.

कोल्हापूर अजून तिथे पोहोचलेले नाही. पण वाट तीच आहे. चषकांना आता राजकीय नेत्यांची नावे असतात, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आहेत, आणि पेठेच्या वर्गणीतून जो संघ चालत असे त्याला हंगाम पार पाडायला देणगीदार लागतो. नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू येऊ लागले. बाहेरचे किती असावेत याचे नियम करावे लागले. हे सारे वाईटच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परदेशी खेळाडूंमुळे खेळाचा दर्जा उंचावला, हे जाणकार सांगतात. आणि दूरच्या देशातला एक गरीब तरुण पोटासाठी मंगळवार पेठेत येऊन राहतो, पेठेतली माणसे त्याला आपला मानतात, यात आनंद मानावा असेच काही आहे. तक्रार दुसरी आहे. वरच्या अकरांवर खर्च होतो तेव्हा खालच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी काय उरते? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग मात्र पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत झाला. जी तालीम एकेकाळी पोराला हौद्यात उतरवून पाच-सात वर्षे घडवीत असे, ती आता तयार खेळाडू हंगामापुरता आणण्याच्या मागे लागली, तर तिच्यात आणि कंपनीच्या संघात फरक काय राहिला?

दुसरा प्रश्न हाणामारीचा. गेल्या काही वर्षांत समर्थकांच्या दगडफेकीने आणि मारामाऱ्यांनी सामने विस्कळीत झाले, मैदानाबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. वर्तमानपत्रांत यावर ‘फुटबॉलला गालबोट’ असे मथळे येतात आणि विषय संपतो. वस्तुतः तो तिथे सुरू होतो. गुन्हा दाखल होतो तो चषकावर नाव असलेल्या नेत्यावर नव्हे. तो होतो वीस-बावीस वर्षांच्या पोरावर, आणि पोलीस भरतीच्या किंवा पारपत्राच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो कागद बाहेर येतो. एका रविवारची दोन मिनिटे त्याच्या पुढल्या आयुष्याच्या आडवी येतात. त्याला सोडवायला ठाण्यात जो माणूस जातो, तोच निवडणुकीत त्याच्याकडून काम करून घेतो. ईर्षेचे रूपांतर अशा रीतीने मिंधेपणात होते. पेठेत ज्यांना काम करायचे आहे त्यांनी हा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. पोरांना संयमाची व्याख्याने देऊन तो थांबणार नाही.

हिंसेची परिसीमाही कलकत्त्याने पाहिली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीत मारामारी सुरू झाली, पळापळ झाली, आणि सोळा जण चिरडून मेले. सामना बघायला घरून निघालेली ती माणसे होती. तो दिवस पुढे तिथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि त्या दिवशी रक्तदान केले जाते. मेलेल्यांत कोण कोणत्या क्लबचा, हे त्या दिवशी विचारत नाहीत.

आणि त्याच शहरातली १८ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ. आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्टला एका तरुण डॉक्टर महिलेवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता. ड्युरंड कपमधला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना, समर्थक गॅलरीत निषेध करतील या धास्तीच्या छायेत, बंदोबस्ताच्या कारणाने रद्द करण्यात आला. सामना नाही म्हणून समर्थक घरी बसले नाहीत. दोन्ही क्लबांचे आणि तिसऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगचेही हजारो लोक स्टेडियमबाहेर रस्त्यावर जमले, एकमेकांचे झेंडे हातात घेतले, न्यायाची घोषणा एका आवाजात दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा हिरवा-तांबडा सदरा घातलेला तरुण लाल-पिवळ्या सदऱ्यातल्या तरुणाच्या खांद्यावर होता. सामन्याला बंदोबस्त देता येत नाही म्हणणाऱ्या सरकारला निदर्शकांसाठी मात्र पुरेसे पोलीस मिळाले. शंभर वर्षे एकमेकांविरुद्ध ओरडण्याचा सराव असलेली माणसे तासाभराच्या निरोपावर जमू शकली, कारण त्यांना जमण्याच्या जागा, घोषणांचे ठेके आणि एकमेकांचे चेहरे ठाऊक होते.

आता धाराशिवकडे वळू. २०१८ साली केंद्र सरकारने ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोड नाव देऊन मागासलेपणाचा दाखला दिला, त्यांत हा जिल्हा आहे. इथल्या तरुणाची पहिली आकांक्षा पुण्याच्या गाडीत बसण्याची असते. जो उरतो त्याच्यासाठी गावोगावी काय आहे? पुढाऱ्याच्या वाढदिवशी टेनिस बॉलच्या क्रिकेटचा चषक. संघ लिलावाने बनतात. खरेच लिलाव होतो, बोली लागते, आणि शेजारच्या आळीतला पोरगा अमुक हजारांना तमक्या ‘मालका’कडे गेला असे हसत हसत सांगितले जाते. पाच दिवसांनी चषक वाटला जातो, फलक उतरतो आणि संघ नाहीसा होतो. पुढल्या वर्षी तेच पोरगे दुसऱ्या मालकाकडे. अशा संघाची कुणाला ईर्ष्या वाटणार? कोण कुणाचा, हेच ठरलेले नसते. कोल्हापूरचा धोका असा की लोकांचे असलेले हिरावले जाईल. इथे मुळात ते साठूच दिले जात नाही.

खो-खोची गोष्ट आणखी बोलकी आहे. मराठवाड्याच्या शाळांच्या मैदानांवर, पायांत बूट नसलेल्या पोरापोरींनी वाढवलेला हा खेळ. २०२२ साली त्याची व्यावसायिक लीग पुण्यात सुरू झाली. संघांच्या मालकांत अदानी आणि जीएमआर यांच्यासारखे समूह होते. खेळाडूंना पैसे मिळाले, दूरचित्रवाणीवर चेहरे दिसले. ते त्यांना फार पूर्वीच मिळायला हवे होते. परंतु त्या लीगमध्ये धाराशिव नावाचा संघ नाही, आणि ती पुरुषांची लीग. ज्या जिल्ह्याने भारताला महिला संघाची कर्णधार दिली, त्या जिल्ह्यातल्या मुलीला तिथे मैदानात नव्हे, प्रेक्षकांत जागा होती.

यावर उपाय म्हणून जिल्हा संघटनेकडे निवेदन देता येईल, ते द्यावेही. पण त्याहून जवळचे काम आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, कुठल्याही एका गावात वस्तीचा एक क्लब काढावा. खेळ खो-खो असो की फुटबॉल. फुटबॉलला एक चेंडू आणि बावीस जोड पाय लागतात, खो-खोला तेवढाही चेंडू लागत नाही. सभासदांची वही असावी, वार्षिक वर्गणी दहा रुपये असली तरी चालेल, पण ती भरणाऱ्याला मत असावे. जमाखर्च वर्षातून एकदा वस्तीसमोर मोठ्याने वाचावा. देणगी कुणाचीही घ्यावी, नाव कुणाचेही लावू नये. मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून असावा. नंतर काढू म्हटलेले संघ निघत नसतात. आणि बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवणारा माणूस ठरल्याशिवाय मोठ्यांच्या स्पर्धेत नाव घालू नये.

हे सगळे करूनही काम अर्धेच होईल. एकाच क्लबाने ईर्ष्या उभी राहत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्लब लागेल, आणि तो पहिल्या क्लबच्या कार्यकर्त्यांनी काढलेला चालणार नाही. त्यांच्याशी ज्यांचे पटत नाही त्यांनीच तो काढायला हवा. कार्यकर्त्यांचे आपापसात न पटणे ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट नाही, तेव्हा या कामी माणसांचा तुटवडा पडू नये. मैदान बहुधा गावात एकच असेल. आठवडी बाजार, सभा आणि लग्नाचे मांडव यांतून ते जेवढे मोकळे राहील तेवढे. सोमवार-गुरुवार कुणाचे आणि मंगळवार-शुक्रवार कुणाचे, हे दोन्ही क्लबांच्या चिटणिसांनी एका बाकावर बसून ठरवावे लागेल.